खात्याच्या कॅमेऱ्यातली मांजर

नोकरी लागून मला दहा महिने झाले होते आणि मी अजून कायम व्हायचा होतो. शेतकी खात्याचं ऑफिस सौंसरला, घर पांढुर्ण्याला. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परतायचं. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर जाऊन बसलेला मी पहिलाच. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे, ते मी शाळेत असतानाच गेले. आई तेव्हापासून निंदणाला, कापूस वेचायला आणि हंगामात संत्र्याच्या तोडणीला जात होती. पगार सुरू झाल्यावर मी तिला घरी राहायला सांगून पाहिलं. ती म्हणाली, तू कायम हो, मंग पाहू. तेव्हापासून 'कायम' हा शब्द आमच्या घरात रोज एकदा तरी निघायचाच.

ऑफिसात एक कॅमेरा होता. तो लोखंडी कपाटात कुलपात असायचा. किल्ली साहेबांच्या खिशात, आणि कोणी नेला, कधी आणला, याची रजिस्टरात सही. साहेब जबलपूरकडचे, कडक, पण वाईट माणूस नव्हे. त्या हिवाळ्यात संत्र्यावर काळी माशी आली होती. पानं कोळसा चोळल्यासारखी काळी पडत होती. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात लावायला साहेबांना त्या पानांचे आणि पानाखालच्या अंड्यांचे मोठे फोटो हवे होते. आधी फोटो काढणारा कर्मचारी बदलून गेलेला. मी एकदा बोलण्याच्या भरात म्हणून बसलो होतो की मला फोटो काढता येतात. येत नव्हते. लग्नात कुणाचा तरी कॅमेरा दोनदा हातात घेतला होता, एवढंच. साहेबांनी ते वाक्य लक्षात ठेवलं आणि कॅमेरा माझ्या गळ्यात आला.

रोल छत्तीस फोटोंचा, काळा-पांढरा. दोन बागांत फिरून मी एकोणतीस काढले. प्रत्येक वेळी बटण दाबताना कॅमेरा हलायचा, आणि काय निघालं ते तर रोल धुतल्याशिवाय कळणार नव्हतं. सोमवारी तिगावच्या बाजूला एका बागेत सरळ घरूनच जायचं होतं म्हणून साहेबांनी शनिवारी कॅमेरा घरी न्यायची परवानगी दिली. तिथल्यासाठी नवा रोल दिला होता, या रोलात सात फोटो उरले होते. नेमकं धारदार चित्र कसं आणायचं, फ्लॅश किती जवळून मारायचा, हे मला सोमवारच्या आत शिकून घ्यायचं होतं. मला वाटलं, अंड्यांसारखं बारीक काहीतरी घरी पाहिजे. घरात मांजर होती.

करड्या अंगावर काळे पट्टे असलेली ही मांजर आईनं वेचणीच्या वेळी कापसाच्या बैलबंडीतून उचलून आणली होती, तेव्हा ती मुठीत मावायची. आई तिला 'पोरी' म्हणायची, दुसरं नाव नव्हतं. आई कामावरून येऊन पाय धूत नाही तोवर ती भाकरीला तोंड लावायची नाही. मी असं ठरवलं की तिच्या डोळ्यांवर फोकस करायचा. बुबुळाची कड धारदार आली की आपल्याला जमलं.

आई शनिवारच्या बाजाराला गेली होती. दिवस बुडायला आला होता. मी मांजरीला दारात बसवलं आणि हातभर अंतरावरून एकापाठोपाठ सहा फोटो काढले. फ्लॅशला ती कंटाळली, उठली, मागच्या आवारात गेली. तिथं कागदी लिंबाचं एक झाड होतं आणि त्याच्या पलीकडे, कुंपणाशी, चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, ढीग. त्या ढिगाखाली जाऊन ती बसली. मी लिंबाच्या अलीकडे उभा राहून तिला हाक मारली. तिनं पाहिलं तसा मी सातवा फोटो काढला. तिकडे अंधारलं होतं, मला ती नीट दिसतही नव्हती.

हे सात फोटो सरकारी रोलचे होते, ही गोष्ट मला रोल संपल्यावर आठवली.

ऑफिसचे रोल पांढुर्ण्यातल्या स्टँडजवळच्या एका स्टुडिओत धुवायला द्यायची पद्धत होती. स्टुडिओवाल्याला मी काका म्हणायचो. वय झालेलं, जाड भिंगाचा चष्मा, पण बारीक ब्रश घेऊन फोटोवर बसले की हात एकदम स्थिर. कुणाच्या गालावरचे देवीचे वण, नवऱ्या मुलीच्या कपाळावरची आठी, चष्म्याच्या काचेत चमकलेला दिवा, असलं सगळं ते काढून टाकायचे. डोळे हा त्यांचा खास प्रांत होता.

बुधवारी संध्याकाळी मी बसमधून उतरून तसाच स्टुडिओत गेलो. पानांचे निम्मे फोटो हलले होते, निम्मे कामापुरते होते. माझ्या जिवात जीव आला. मग काकांनी मांजरीचे काढले. मांजर छान आली होती, मिशांचा केस अन् केस मोजता यावा अशी. पण डोळ्यांच्या जागी चुन्याचे दोन गोल ठिपके. बुबुळ नाही, कड नाही, काही नाही. काका म्हणाले की मांजरीच्या डोळ्यात आतून आरशासारखा पडदा असतो, फ्लॅश समोरून मारला की उजेड तसाच परत येतो. बाजूनं मारायला पाहिजे होता.

मी त्यांना हात जोडून सांगितलं की हे सात फोटो ऑफिसच्या पाकिटात घालू नका, आणि खात्याच्या रोलवर घरची मांजर काढली हे कुणापाशी बोलू नका, मी अजून कायम नाही. काका म्हणाले, माझ्या तोंडून निघणार नाही. मग स्वतःहूनच म्हणाले, "एक चांगला घेऊन जा. त्याचे डोळे मी करून देतो."

ते त्यांनी माझ्यासमोर केलं. जवळून काढलेल्या एका फोटोतले पांढरे ठिपके काळ्या रंगानं थोडे थोडे करत भरले, कडेला करडा सोडला, आणि शेवटी पात्याच्या टोकानं प्रत्येक डोळ्यात एक कण खरवडला, जिवंत चमकेसाठी. फ्लॅशची चमक गेली. पण काकांच्या हाताला माणसांच्या डोळ्यांची सवय. फोटोतली मांजर कुणाच्या तरी समजूतदार मुलीसारखी बघायला लागली. मला हसू आलं, काकांना नाही.

सातव्या फोटोत तर मांजरच नव्हती. पुढे फ्लॅशनं उजळलेली चार-दोन पानं, मागे सगळं काळं, आणि त्या काळ्यात दोन डोळे. काकांनी तो बाजूला सारला, म्हणाले हा कचरा. मीही तसाच टाकून आलो. नीट केलेला फोटो मी पेटीत, सर्टिफिकिटांच्या खाली ठेवला. आईला दाखवला असता तर तिनं वस्तीभर दाखवला असता.

आठ दिवसांनी मी घरी आलो तर आई माझ्या आधीच आलेली होती. तोडणीच्या दिवसांत असं होत नसे. मी विचारलं तर म्हणाली, आज बायांनी दुपारीच काम सोडलं.

"बिबट आला," ती म्हणाली. "फोटो निघाला त्याचा. खात्याच्या कॅमेऱ्यात."

मी पायातला बूट काढत होतो, तो तसाच धरून राहिलो. कुणी पाहिला, असं विचारलं.

"तोडणीच्या ठेकेदाराच्या मानसानं पायला, फोटोवाल्याकडं. संत्र्याच्या पाल्यातून दोन डोये, हे एवढाले. तू नाई पायला का ऑफिसात?"

"ऑफिसात लय रोल येतात," मी म्हणालो.

रामाकोन्याकडे पंधरा दिवसांपूर्वी एक बकरी गेली होती. ती लांडग्यानं नेली, चोरानं नेली की बिबट्यानं, कुणालाच माहीत नव्हतं. पण बोलणं सुरू होतं आणि त्या बोलण्याला आता फोटो मिळाला होता. आई सांगत होती आणि मांजर तिच्या मांडीला अंग घासत होती. मी त्या दोघींकडे पाहूही शकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस सोडून मी काकांकडे गेलो. ते मला पाहताच उठून उभे राहिले. ठेकेदाराचा तो माणूस पासपोर्ट फोटो काढायला आला होता. टेबलावर पडलेला फोटो त्यानं उचलला, हा काय म्हणून विचारलं. मला दिलेला शब्द काकांनी पाळला होता. मांजर, माझं घर, माझं नाव यातलं काहीही सांगितलं नाही. "मी एवढंच म्हटलं की खात्याचा रोल आहे, मला विचारू नका," काका म्हणाले. त्या माणसाला तेवढं पुरलं. बाया तोडणीला जात त्या बागवाल्याला दाखवतो म्हणून तो फोटो घेऊन गेला होता. लिंबाची पानं त्याला संत्र्याची वाटली, यात त्याची तरी काय चूक.

काका म्हणाले, जाऊन सांगून टाकू का? मी घाईघाईनं नको म्हणालो. दोन दिवसांत लोक विसरतील, असं मी त्यांना सांगितलं आणि स्वतःलाही.

लोक विसरले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतली एकही बाई तोडणीला गेली नाही. बाया सकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर जमायच्या, डबे बांधलेले, आणि दहा वाजेपर्यंत तिथंच बसून परत जायच्या. आमच्या शेजारच्या मावशीच्या घरी ती एकटी कमावणारी, पदरी दोन मुली. ती रोज ओट्यावर सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या शेवटी उठायची. बागेत पिकलेली फळं खाली पडायला लागली. ठेकेदारानं निरोप पाठवला की उद्या आल्या नाहीत तर बैतूलकडच्या मजुरांची टोळी आणतो, मग पुढच्या वर्षीही येऊ नका. मी सकाळी बसला जाताना त्या ओट्यावरून जायचो. बाया मला थांबवायच्या. मी खात्यातला, मला आतली बातमी असणार. एकीनं विचारलं, एकच हाये का जोडी हाये? मी म्हणायचो, मला माहीत नाही, आणि चालायला लागायचो.

बसमध्ये मी मनात हिशोब मांडायचो की सांगितलं तर काय होईल. सरकारी रोलचा गैरवापर. परवानगीनं घरी नेलेल्या कॅमेऱ्याचा गैरवापर. अफवा पसरवली. आणि कपाटाची किल्ली फिरवणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं की फोटो काढता येतात. सौंसर येईपर्यंत माझ्यावर इतके आरोप झालेले असायचे की मी उतरताना थकलेला असायचो.

पुढच्या शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. समोर एक कागद आणि त्या कागदाला टाचलेला तो सातवा फोटो. बागवाल्यानं तो वन खात्याकडे दिला होता आणि वन खात्यानं आमच्या साहेबांना लिहिलं होतं की आपल्या कर्मचाऱ्यानं काढलेल्या या छायाचित्राचं ठिकाण आणि वेळ कळवावी. मला वाटलं, झालं. पण साहेब खूश होते. आमच्या ऑफिसची अशी विचारपूस कधी झाली नव्हती. त्यांनी छिंदवाड्याला, जिल्ह्याच्या ऑफिसात, फोनसुद्धा केला होता. मला बसायला सांगितलं, जे त्यांनी दहा महिन्यांत कधी सांगितलं नव्हतं.

"ये जगह कौन सी है?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, पांढुर्णा शिवार, सर.

ते खोटं नव्हतं. आमचं मागचं आवार पांढुर्णा शिवारातच येतं. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत रिपोर्ट लिहून आण. मी टेबलावर जाऊन लगेच लिहायला बसलो. तारीख लिहिली, वेळ लिहिली, प्रकाश कमी असल्याचं लिहिलं. सगळं खरं होतं. 'प्राणी' या शब्दापाशी पेन थांबलं, आणि त्यापुढं एक अक्षर गेलं नाही. कागद घडी करून खिशात घातला.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आई मागच्या कुंपणाशी उभी राहून "पोरी, ए पोरी" करत होती. मांजर कालपासून आली नव्हती. कालपासून नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आई म्हणाली, बागवाल्याच्या पोरानं बिबट्यासाठी नाल्याच्या काठी मेलेलं करडू टाकलं आहे, औषध घालून. सकाळी एक कुत्रं त्यात गेलं. नाला आमच्या कुंपणापासून दोन वावरं ओलांडली की लागतो.

"तिले कोन सांगन, खाऊ नको म्हनून," आई म्हणाली.

मी आत गेलो, पेटी उघडली, सर्टिफिकिटांच्या खालचा फोटो काढला आणि आणून तिच्या हातात दिला. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून, उभ्या उभ्याच. रोलचं, काकांचं, सातव्या फोटोचं. साहेबांनी बसायला खुर्ची दिली तेही सांगितलं. फोटो आई धरून होती, पण पाहत होती माझ्याकडे.

"मंग तू सांगत काहून नव्हता?"

"नोकरीचं भेव वाटलं."

"जाईन का नोकरी?"

"जाऊ शकते."

तिनं कुंपणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "शेजारचीच्या घरी काल चूल नाई पेटली, बाबू. मी पिठाचं भांडं घेऊन गेलती. घेतलं नाई तिनं." आणि फोटो मला परत देत, "सकायी मी तुह्यासंग येतो. बायायले तूच सांग. मी नाई सांगनार."

सकाळी ओट्यावर पंधरा-वीस बाया होत्या. मी घरून पाठ करून आलो होतो तसं सांगितलं. बिबट्या नाही, तो फोटो आमच्या मांजरीचा आहे, मीच काढला, लिंबाच्या झाडाआडून. सांगून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. पण बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेजारची मावशी उठून माझ्यासमोर आली.

"ठेकेदारानं शिकवून पाठवलं का तुले?"

मी नाही म्हणालो. आईही नाही म्हणाली. मावशी म्हणाली की काल टोळी आणायची धमकी येते आणि आज सरकारी माणूस सांगतो बिबट नाहीच, हे कसं? मी पुरावा म्हणून काकांनी नीट केलेला फोटो पुढे केला. तो हातोहात फिरला आणि तिच्याकडे आला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"हे तर गरीब दिसते. हिचे डोये कुठी चमकून राहिले?"

मी सांगायला लागलो की चमकत होते, काकांनी रंगानं झाकले. ते बोलताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. आधी एक फोटो, त्यात नुसते डोळे आणि मांजर नाही. आता दुसरा, त्यात मांजर आहे आणि डोळे दुसरेच. कुणी कशाला विश्वास ठेवावा? एक म्हातारी मागून म्हणाली, मांजरीचे डोळे चमकतात हे आम्हालाही माहीत आहे, पण मांजरीला भिऊन खातं कागद लिहीत नाही. हे खरंच होतं; वन खात्याच्या कागदाची बातमी बागवाल्याकडून ओट्यावर आधीच पोचली होती. आई तिथंच उभी होती. तिच्याकडेही बाया संशयानं पाहायला लागल्या, आणि ते मला सगळ्यात जड गेलं.

मी धावत स्टुडिओत गेलो. काका नुकतं दुकान उघडत होते. मी दम खात सांगितलं तर त्यांनी फळी तशीच ठेवली. म्हणाले, रंग मी वरच्या कागदावर मारला, फिल्मला हात लावला नाही. त्यांनी डबा उघडून फिल्मची एक पट्टी शोधून काढली. ती त्यांनी सहासहाची कापायची सोडून तशीच लांब ठेवली होती. मांजरीचे सातही फोटो तीवर ओळीनं होते. भिंग आणि पट्टी घेऊन ते स्वतः माझ्यासोबत निघाले. वयाच्या मानानं झपझप चालले. वाटेत एकदाच बोलले, मी डोळे रंगवायला नको होते. मी म्हणालो, चूक माझी आहे.

ओट्यावर काकांनी पट्टी आकाशाकडे धरली. फिल्मवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं, हे त्यांनी आधी समजावलं. मग बायांना एकेक करून भिंगातून बघायला लावलं. पहिल्या फोटोत मांजर, तिचे डोळे काळे ठिपके. दुसऱ्यात तीच. सहाव्यापर्यंत तीच, आमच्या दाराच्या चौकटीसकट. सातव्यात चौकट नाही, मांजर नाही, पानं आणि तेच दोन ठिपके, लहान झालेले. पट्टी एकसंध होती, मध्ये कुठं जोड नव्हता. हे बायांना माझ्या बोलण्यापेक्षा लवकर समजलं. चौकटीवर आईनं लावलेली हळदीची बोटं एकीनं ओळखली.

मावशीनं सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि खूप वेळ पाहिलं. भिंग काकांना परत दिलं.

"म्हनजे इतके दिवस आमी तुह्या मांजरीले भेऊन घरी बसलो."

कोणी हसेल असं मला वाटलं होतं. खरं तर कोणीतरी हसावं अशी माझी फार इच्छा होती. कोणी हसलं नाही. मी मावशीला म्हणालो, माफ करा. ती म्हणाली, आता नाल्यावरचं थे करडू कोन उचलनार? डबा तिनं तिथंच ठेवला आणि चालायला लागली.

आम्ही चौघं गेलो, मी, आई, मावशी आणि काका. बागवाल्याचा पोरगा आधी भांडला. फोटो वन खात्यानं मानला, तुम्ही कोण, म्हणाला. काकांनी त्यालाही पट्टी दाखवली. त्यानं पाहिली, मान खाली घातली आणि फावडं आणून दिलं. खड्डा मी खणला. करडाचा एका बाजूचा भाग खाल्लेला होता. कुणी खाल्ला ते कळत नव्हतं. कुत्रं पलीकडे पडलेलं होतं, त्यालाही मी त्याच खड्ड्यात घातलं. आई तोवर नाल्याच्या दोन्ही काठांनी वाकून वाकून बघत होती. वरच्या दगडापर्यंत गेली, खाली वळणापर्यंत गेली. "पोरी" अशी हाक मात्र तिनं तिथं मारली नाही. परत आली तेव्हा मान हलवून नाही म्हणाली. ते नाही सापडली असं होतं की इथं मेलेली नाही असं, मी विचारलं नाही.

दुपारी बाया कामाला गेल्या. आईही गेली.

सोमवारी सौंसरच्या बसमध्ये माझ्या खिशात अर्धा लिहिलेला रिपोर्ट आणि काकांनी उधार दिलेली पट्टी होती. साहेबांच्या खोलीत मी उभा राहूनच सांगितलं. त्यांनी अडवलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. रोलबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. छिंदवाड्याला फोन केला होता, आता तिकडे काय सांगू, हे त्यांचं दुखणं होतं. मी मान खाली घालून उभा. मग त्यांनी पट्टी मागितली, खिडकीकडे धरली आणि एकेक फोटो पाहिला. "फोकस तो ठीक है," असं स्वतःशीच म्हणाले आणि पट्टी टेबलावर टाकली.

त्यांनी माझ्याकडून दोन कागद लिहून घेतले, दोन्ही हिंदीत. एक वन खात्याला, की छायाचित्रातला प्राणी पाळीव मांजर आहे. दुसरा माझं स्पष्टीकरण, सात फोटोंचं. पहिल्या कागदावर 'पालतू बिल्ली' मी ठळक अक्षरांत लिहिलं. कॅमेऱ्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नोकरी गेली नाही. कायम व्हायला मात्र इतरांपेक्षा सहा महिने जास्त लागले, आणि ते सहा महिने साहेबांनी बोलावलं की मी मनात स्पष्टीकरण जुळवतच आत जायचो. पुढं कितीतरी वर्षं, माझी बदली झाली, साहेब निवृत्त झाले, तरी कुणी नुसतं 'तो फोटो' म्हटलं तरी मी आधी दाराकडे पाहायचो.

शेजारच्या मावशीनं माझ्याशी बोलणं तोडलं नाही. पण 'खात्यात काय बातमी' असं मला तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि वस्तीत दुसऱ्या कुणीही नाही. काकांकडे मी पट्टी परत द्यायला गेलो तर त्यांनी ती मलाच ठेवायला दिली. म्हणाले, मला नको दुकानात.

मांजर आली नाही. आईनं आठवडाभर तिची भाकरी कुंपणाशी ठेवली, ती सकाळी कावळे नेत. मांजर विषानं गेली, की फ्लॅशला आणि आमच्या गडबडीला कंटाळून दुसरीकडे गेली, हे आम्हाला कधी कळलं नाही. आईनं मला त्याबद्दल एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं. फक्त त्या हंगामाची तोडणी संपेपर्यंत ती रोज संध्याकाळी नाल्याच्या वाटेनं घरी येत राहिली. बाया सडकेनं यायच्या, सडकेची वाटच जवळची होती.